डोंगराचा एक्सरे

डहाणू रोडच्या बाजारात एक गृहस्थ लोकांना नावानं नाही, हाडांवरून ओळखायचे. समोरून कोणी आलं की क्षणभर ते कोऱ्या चेहऱ्यानं बघत राहायचे. मग नजर खाली सरकायची आणि तोंड उजळायचं. "हां! डावं मनगट. पाऊसपाण्यात ठणकतं का अजून?" एका मासेवाल्या बाईला ते 'तिसरी बरगडी' म्हणत. तीही काही कमी नव्हती. "बरगडी बरी हाय सर," ती टोपलीवरून ओरडायची, "तुम्ही बोंबील घ्या, नायतर तुमची एखादी काढून ठेवीन."

आयुष्यभर ते दवाखान्यात एक्सरे काढत होते. आम्ही सगळे त्यांना एक्सरेवालेच म्हणायचो. डहाणूला लागूनच्या सरावलीत ते माझ्यापासून चार घरं सोडून राहायचे. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्याविषयी अजूनही असं बोललं जातं की, म्हातारा कुठल्याशा कंपनीचा माणूस होता, पाड्यांवर फिरून गुपचूप जमिनी मोजायचा. हे खोटं आहे. ते खोटं कुठून सुरू झालं, हे मला ठाऊक आहे, कारण ते माझ्यापासून सुरू झालं. माझं वय आता अठ्ठ्याहत्तर आहे. लिहून ठेवतो.

त्यांचं घर लांबूनच ओळखू यायचं. खिडक्यांच्या काचांना त्यांनी जुन्या, कुणी न नेलेल्या एक्सरेच्या फिल्मा चिकटवल्या होत्या, ऊन अडावं म्हणून. आत बसलं की अंगावर कुणाच्या तरी छातीची सावली पडायची. माझी बायको त्या घरात चहा प्यायची नाही. ते मात्र तिथं बसून सालासकट चिकू खात आणि म्हणत, "वहिनी, ही सगळी बरी होऊन घरी गेलेली माणसं आहेत. बरी झाली म्हणून तर फिल्म न्यायला आली नाहीत." खरं होतं की नाही कोण जाणे.

दवाखान्यातलं एक वाक्य त्यांच्या तोंडातून कधी गेलं नाही. "श्वास घ्या. धरा. सोडा." सुईत दोरा ओवताना, गॅसचा सिलिंडर बदलताना, मुलीच्या सासरी फोन लावण्याआधी, ते हे स्वतःशी म्हणत.

काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हलू लागली. ज्यांनी ते अनुभवलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. आधी आवाज यायचा. खाणीत सुरुंग उडावा तसा, पण पायाखालून. मग भांडी वाजायची, मग सगळं शांत. आणि ती शांतता सगळ्यात वाईट, कारण आता हे संपलं की याच्यामागून मोठा येतोय, हे समजत नसे. तलासरीकडच्या पाड्यांवर लोक घरं सोडून अंगणात ताडपत्रीखाली झोपत होते. कुडाच्या भिंतींना भेगा गेल्या होत्या. सरावलीत धक्के सौम्य होते, पण माझ्यात काहीतरी मोडलं. बायको मुलाकडे पुण्याला निघाली, मलाही चला म्हणाली. मुलाचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर. मी नाही म्हटलं. छपराखाली जेवायचंसुद्धा बंद केलं. दिवसभर अंगणातल्या खुर्चीत, समोर स्टुलावर पाण्याचा पेला ठेवून, पेल्यातलं पाणी हलतंय का ते बघत बसायचो. पेन्शनीच्या कागदावर सही करताना हात इतका थरथरला की बँकेतल्या पोरीनं तीनदा सही मागितली. मी तलाठी म्हणून निवृत्त झालेला माणूस. सहीवर तर माझं आयुष्य गेलं.

एका सकाळी एक्सरेवाले फाटकातून आत आले, स्टुलावरचा पेला उचलला आणि पाणी पिऊन टाकलं.

"भाऊसाहेब, तीस वर्षं मी लोकांना सांगितलं, हलू नका. आता जमीनच ऐकत नाही म्हटल्यावर आपण हललेलं बरं. चप्पल नको, बूट घाला."

"कुठं जायचंय?"

"डोंगरावर. बर्फ बघायला."

मला वाटलं, या धक्क्यांनी यांचंही डोकं गेलं.

त्यांच्याकडे एक जुना डिजिटल कॅमेरा होता, तो ठेवायचं तीन पायांचं तिकाटणं होतं आणि एक काळीकुट्ट काच होती. ती काच डोळ्याला लावली तर काही म्हणजे काही दिसायचं नाही. पण तीच कॅमेऱ्यापुढे लावून कॅमेरा अजिबात न हलवता काही सेकंद उघडा ठेवला की, डोळ्याला न दिसणारा उजेड फोटोत उतरतो. अवरक्त म्हणतात त्याला. त्या उजेडात हिरवं पान पांढरं दिसतं आणि निळं आकाश काळं. लोक फोटो काढायला पहाटे जातात. हे भर दुपारी बाराला निघायचे, कारण या कामाला ऊन कडक लागतं आणि हवा कोरडी, स्वच्छ. म्हणून हिवाळा. डोक्याला ओला पंचा, खांद्यावर तिकाटणं, खिशात चिकू. आम्ही तलासरीकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसायचो, एका फाट्यावर उतरायचो आणि पाड्याच्या कडेनं डोंगराची वाट धरायचो.

पहिल्या दिवशी मी पाऊलभर अंतर ठेवून चाललो होतो. प्रत्येक सैल दगड मला धक्का वाटत होता. एका टेपाडावर त्यांनी तिकाटणं रोवलं, समोरचा डोंगर नेमका पकडला, मग काळी काच चढवली आणि डोंगराला दरडावून म्हणाले, "श्वास घ्या. धरा." तो सबंध डोंगर गप्प उभा राहिला. "सोडा."

मग त्यांनी कॅमेऱ्याचा मागचा पडदा पंच्याच्या सावलीत धरून मला दाखवला. मी अजून ते विसरलेलो नाही. ताडांचे माथे पांढरेशुभ्र. मोहाची, ऐनाची झाडं कापसानं भरल्यासारखी. वर शाईसारखं आकाश, खाली काळ्या आरशासारखा बंधारा. मी ज्या तालुक्याचा सातबारा उभा-आडवा पाठ करून बसलो होतो, तो हा नव्हताच. मी किती वेळ बघत होतो ठाऊक नाही. मान वर केली तेव्हा लक्षात आलं की, इतक्या वेळात मी जमिनीकडे कान लावला नव्हता.

"बघा," ते म्हणाले, "जिथं जीव आहे तिथं पांढरं."

त्यानंतर दर शनिवारी आम्ही जाऊ लागलो. मी पुन्हा घरात जेवू लागलो. झोप येऊ लागली. बायकोला फोनवर म्हणालो, चिकू पाठवू का. ती रडली.

आता त्यांची एक खोड सांगतो, तिथूनच पुढचं झालं. त्यांना दर आठवड्याला तोच फोटो हवा असायचा. तीच जागा, तीच उंची, तीच दिशा. झाडं पानं टाकत होती आणि डोंगराचं पांढरं आठवड्या-आठवड्याला कमी होत होतं, ते त्यांना बघायचं होतं. "पहिल्या फिल्मवर दुसरी बसली पाहिजे, भाऊसाहेब. नाहीतर डॉक्टरनं वाचायचं काय?" म्हणून तिकाटण्याचे पाय जिथं टेकायचे तिथल्या दगडांवर ते चुन्याचं बोट लावून ठेवत. अशा पाच जागा होत्या. पण चुना फिका व्हायचा, गुरं अंग घासायची, वर पाचोळा पडायचा. तिसऱ्या शनिवारी एक जागा शोधण्यात आमचा तास गेला, ऊन कललं आणि ते लहान पोरासारखे रुसून बसले.

पुढच्या शनिवारी मी घरून लाल ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेतला. फाटक रंगवून उरला होता. ते फोटोत गुंतलेले असताना मी दगडावर खूण केली. नुसता ठिपका करता आला असता. पण माझ्या हातानं बाण काढला आणि बाणाखाली आकडा. एक. दोन. पाचही जागांवर. मोजणीची खूण आम्ही अशीच करायचो.

त्या मुलखात दगडावर लाल बाण आणि आकडा दिसला तर लोक काय समजतात, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. रस्त्यासाठी, रेल्वेसाठी, कशा ना कशासाठी, आधी खूण येते आणि मग नोटीस. ती नोटीस कित्येकदा मीच चिकटवली होती. ब्रश हातात असताना हे माझ्या मनात येऊनही गेलं. पण हात थरथरत नव्हता. कितीतरी आठवड्यांनी माझ्या हातून सरळ रेघ निघत होती. मला ते सोडवलं नाही. उतरताना, वाट चुकू नये म्हणून, मी वळणावळणावर आणखी चार बाण काढले. एक्सरेवाले तोवर पुढे निघून गेले होते. मी त्यांना त्या चारांचं सांगितलंही नाही.

त्यांनी वरचे आकडे पाहिले तेव्हा एवढंच म्हणाले, "वा. दवाखान्यात तुमच्यासारखा माणूस हवा होता."

पुढच्या शनिवारी पाड्याच्या कडेला वीसपंचवीस माणसं बसलेली होती. कामाच्या दिवशी, भर दुपारी. बायका, म्हातारे, दोघातिघांच्या हातात कोयते. आम्हाला बघून कोणी उठलं नाही. वाट मात्र बंद झाली. ज्या बाईनं तोंड उघडलं ती माझ्याच वयाची असेल. तिकडची म्हातारी माणसं सगळ्यांनाच अरेतुरे करतात.

"ही खून कोनी काढली रं?"

कुणी ओरडलं नाही. मागाहून कळलं की आठवडाभर पाड्यावरचा एकही माणूस कामाला गेला नव्हता. खालून जमीन हलते आहे आणि वरून बाण आले आहेत, म्हणून पाळीपाळीनं पहारा देत होते.

मला दुसरीच भीती होती. पुष्कळ वर्षांपूर्वी शेजारच्याच पाड्यावर मी मोजणीच्या लोकांबरोबर आलो होतो. तेव्हा मी तिथल्या लोकांना सांगितलं होतं की, नुसती मोजणी आहे, जमीन जाणार नाही. ती गेली. त्यातलं कुणी इथं बसलेलं असेल का, म्हणून मी एकेक चेहरा चाचपत होतो. रंगाचा डबा माझ्या कापडी पिशवीत होता. टर्पेंटाइनचा वास येतोय असं मला सारखं वाटत होतं. मी पिशवी मागे धरली.

तेवढ्यात पोलीस पाटील आले. त्यांनी मला पाहिलं आणि हात जोडले.

"भाऊसाहेब! तुम्ही इकडं कसे?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पाटील लोकांना म्हणाले, "हे आपले जुने तलाठी." मग मला, "बरं झालं, तुमाला समदं ठाऊक असतं. खरं सांगा, हे मोजणीवाले हायत का?"

'हे' म्हणताना त्यांनी एक्सरेवाल्यांच्या खांद्यावरच्या तिकाटण्याकडे बोट केलं होतं.

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

थांबलो असतो तरी चाललं असतं. थांबलो नाही. "मी नुसता फिरायला येतो. हे काय करतात, मला काही माहीत नाही."

एक्सरेवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. फिल्म उजेडाला धरून बघत तसंच, डोळे बारीक करून. माझं काय मोडलंय ते त्यांना त्या क्षणी दिसलं असणार. ते लोकांकडे वळले.

"मी काढल्या खुणा. फोटोसाठी. चुकलं माझं."

त्यांनी कॅमेरा उघडून फोटो दाखवले, समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यानं आणखीच बिघडलं. पांढरी झाडं, काळं आकाश, आणि त्यात आपल्याच घराचं छप्पर. ते बघून एक बाई मागे सरकली आणि तिनं तोंडावर पदर घेतला. कोणीतरी म्हणालं, "ह्या मशीनमदी जमिनीच्या आतलं दिसतंय. धक्के यानंच येतात." पाटलांनी कॅमेरा काढून घेतला.

मग लोकांनी त्यांना सांगितलं, खुणा पुसून टाक. दगडानं घासून. मला पाटलांच्या ओट्यावर खुर्ची मिळाली आणि चहा. तिथून मला ते टेपाड दिसत होतं. एक्सरेवाले एका दगडावरून उठायचे, दुसऱ्याकडे जायचे, गुडघे टेकायचे. मी चहा प्यायलो. मधे एकदा ओटा हलला, बारीकसा धक्का. सगळे उठून उभे राहिले. वर टेपाडावर ते घासतच होते.

परतताना जीपमध्ये ते माझ्या शेजारी बसले. बोटांची सालपटं निघाली होती. "भाऊसाहेब, पाणी प्या," ते म्हणाले, "ओठ सुकलेत तुमचे." एवढंच.

बातमी आमच्याआधी डहाणूला पोचली. चार दिवसांनी कॅमेरा परत मिळाला, काळी काच तडकलेली. बाजारात तिसरी बरगडी आधी थट्टेनंच म्हणाली, "काय ओ सर, बंदरवाल्यांनी धाडलंय का तुम्हाला? आमच्या होड्या पण मोजाल आता." हे हसले. पुढच्या आठवड्यात ती हसत नव्हती. समुद्रकिनाऱ्यावर मोठं बंदर होणार म्हणून तिथल्या माणसांनाही त्यांच्या त्यांच्या भीत्या होत्याच. एक माणूस एक्सरेवाल्यांच्या घरी आला आणि म्हणाला, "माझा पाय खिडकीवरून काढा." तो पाय त्याचा नव्हता, एक्सरेवाल्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी पाणी लावून ती फिल्म सोडवली आणि गुंडाळी करून त्याच्या हातात दिली. त्यानंतर बाजारात ते कुणालाही हाडावरून हाक मारेनासे झाले. सगळ्यांना नुसता नमस्कार.

त्यांनी मला एकदाच विचारलं. माझ्या फाटकाशी उभे होते, आत आले नाहीत. "भाऊसाहेब, तुमचा शब्द आहे इथं. एकदा बाजारात चार लोकांत सांगाल का, की हा मोजणीवाला नाही म्हणून? खुणांचं नका बोलू. तेवढंच."

मी म्हणालो, "सांगतो की."

मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. सांगायला गेलो तर पुढचा प्रश्न येणारच होता, मग खुणा कुणाच्या? बाण आणि आकडा बघून तालुक्यातला कोणताही जुना माणूस ओळखेल की हे मोजणीखात्याच्या वळणाचं अक्षर आहे. धक्के हळूहळू कमी झाले. माझी ही भीती मात्र गेली नाही. त्यांच्या घरावरून जायला नको म्हणून मी स्टेशनला लांबच्या रस्त्यानं जाऊ लागलो. पुढच्या दिवाळीनंतर ते घर बंद करून मुलीकडे वलसाडला गेले. तिकडेच वारले. मुलीचा मला मेसेज आला, त्यात लिहिलं होतं की बाबा तुमची खूप आठवण काढायचे. मी तो मेसेज अजून पुसलेला नाही. उत्तरही दिलेलं नाही.

या जानेवारीत मी पाड्यावर गेलो. एकटा, दुपारी बाराला. जीपमधून उतरलो. तसाच फाट्यावर उभा राहिलो, मग चाललो.

ती बाई अंगणात तूर झोडत होती. खूप वाकली होती. मी कोण ते सांगायला लागलं नाही. बसायला पाट दिला. मी उभाच राहिलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. डबा, ब्रश, बाण, आकडे, पिशवी. शेजारची दोन-तीन माणसं येऊन ऐकू लागली. मी म्हणालो, तो माणूस मोजणीवाला नव्हता, खुणा माझ्या होत्या.

तिनं काठी बाजूला ठेवली.

"आमाला ठाऊक हाय."

मी पाटावर बसलो.

"त्यानं वरच्या पाच पुसल्या आनि आला. म्हनला झालं. आमी म्हनलं, आनि वाटंवरच्या चार? त्याला ठाऊकच नाय. आमीच हात धरून दावल्या. ज्यानं काढल्या त्याला ठाऊक नसंल का?"

"मग त्यांना का छळलं? सगळीकडे का सांगितलं?"

"तो खोटं बोलला ना रं. मी काढल्या म्हनला. चांगला मानूस कशाला असं खोटं बोलंल? आमाला वाटलं, मोठ्या सायबाला झाकतो. म्हंजे काम मोठं हाय, मोजनी खरी हाय." तिनं तुरीच्या शेंगा पायानं पुढे ओढल्या. "दोन वरीस आमी वाट पायली मोजनीची. कुनी नवं छप्पर घातलं नाय, कुनी झाड लावलं नाय."

माफी मागायची म्हणून मी घरून वाक्यं ठरवून आलो होतो. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

ती माझ्याजवळ सरकली. मागची माणसंही पुढे झाली. "आता आलाच हायस तर सांग," ती हळू आवाजात म्हणाली. "वरच्या अंगाला पुन्ना खुना आल्यात. पंधरा दिस झाले. लाल नाय, पिवळ्या. फोटोवाला तर मेला म्हनतोस. मग ह्या कोनाच्या? जमीन जानार का आमची?"

मी खरोखर काही ऐकलेलं नव्हतं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, कचेरीत मला आता कोणी ओळखतही नाही. मी तिच्या डोळ्यांत बघून, आयुष्यात कधी बोललो नसेन इतकं खरं बोललो.

"मला माहीत नाही."

मग तिनं काठी उचलली.

"तवाबी तू हेच म्हनला व्हतास," ती म्हणाली, आणि पुन्हा तूर झोडू लागली.